भिंत रंगते, लाकूड सोसतं

भिंतीचा रंग पसंत पडला नाही तर पुढच्या दिवाळीला बदलता येतो. सागवानी चौकटीवर साठ-सत्तर वर्षं हात फिरून आलेली झाक मात्र एकदा गेली की गेली. नवं पॉलिश चढवता येतं, पण ते नवंच दिसतं. तरीही घरात रंगकाम निघालं की सगळी चर्चा भिंतींचीच होते. मॅट घ्यायचा की सॅटिन, फिकट की गडद, डबा कुठल्या कंपनीचा. चौकटी, गणेशपट्टी, दारांची पॅनेलं, कमरेइतक्या उंचीपर्यंत भिंतीला लावलेल्या लाकडी फळ्या, जिन्याचा कठडा यांचं काय करायचं, हा प्रश्न रंगाऱ्याने ब्रश बुडवेपर्यंत कुणाच्या डोक्यातही येत नाही.

या प्रश्नाची उत्तरं एकसारखी नाहीत. जुन्या रंगाऱ्याला टेप म्हणजे हात कच्चा असल्याची कबुली वाटते. इंटिरिअरवाल्याला टेपशिवाय काम म्हणजे निष्काळजीपणा वाटतो. जुन्या वास्तू जपणारे सांगतात, आधी भिंतीवर कुठला रंग लावताय ते बोला, टेपचं नंतर पाहू. तिघांचंही आपापल्या जागी खरं आहे, कारण तिघं वेगवेगळ्या धोक्यांबद्दल बोलतात. रंगकामात लाकडाला तीन बाजूंनी धोका असतो: ब्रश-रोलरमधून उडणारा शिंतोडा, खरवडताना आणि घासताना उठणारी धूळ, आणि भिंतीच्या आतली ओल. शिंतोड्याची काळजी बहुतेक जण घेतात, धुळीची थोडे, ओलीची जवळपास कुणीच नाही. नुकसान मात्र याच क्रमाने वाढत जातं.

आधी लाकडाची ओळख

कशापासून जपायचं हे ठरवण्याआधी लाकडावर काय आहे ते कळायला हवं. वाड्यांतलं आणि कोकणातल्या जुन्या घरांतलं लाकूड बरेचदा नुसतं तेल पाजलेलं असतं, किंवा त्यावर ऑइल पेंटचे थरावर थर असतात. मुंबईत १९३० आणि ४०च्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींतल्या सागवानी दारांवर फ्रेंच पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, सापडतं. नंतरच्या फ्लॅटांत प्लायवुडवरचं व्हेनिअर आणि त्यावर मेलामाइन आलं. आता पीयू, लॅमिनेट आणि एमडीएफवरचा स्प्रेचा रंग आहे. दिसायला यातले काही थेट एकमेकांसारखे असतात, स्वभावाने अजिबात नाहीत.

ओळख पटवायची एक सोपी रीत आहे. दाराच्या वरच्या कडेवर, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा छोटा बोळा अर्धा मिनिट टेकवून धरायचा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्यावर तपकिरी रंग उतरला, तर ती लाख. काहीच झालं नाही तर शेजारी थिनरचा बोळा. मऊ पडलं तर लॅकर. दोघांनाही दाद दिली नाही तर मेलामाइन, पीयू किंवा जुनं तेलाचं व्हार्निश. आणि साध्या पाण्याचा थेंब लाकडात जिरून गडद डाग दिसला, तर वर काही उरलेलंच नाही, लाकूड उघडं आहे असं धरून चालायचं.

ही पाच मिनिटांची परीक्षा पुढचे सगळे निर्णय ठरवते. चुना, ओलं सिमेंट आणि व्हाइट सिमेंटची पुट्टी हे सगळे तीव्र अल्कली पदार्थ आहेत, आणि लाख अल्कलीत विरघळते. म्हणजे फ्रेंच पॉलिशवर पडलेला चुन्याचा शिंतोडा नुसता वर बसत नाही, तो पॉलिश खातो. उघड्या लाकडात टॅनिन असेल तर चुन्याच्या पाण्याने काळपट डाग पडतो. लॅमिनेटवर हाच शिंतोडा पडला तर ओल्या फडक्याने पुसून विसरून जाता येतं. एकाच घरात दिवाणखान्याचं दार लाखेचं आणि स्वयंपाकघरातली कपाटं लॅमिनेटची असतील, तर दोन्हीकडे सारखीच काळजी घेणं म्हणजे एकीकडे कमी आणि दुसरीकडे जास्त.

झाकायचं कशाने

मास्किंग टेपचा जन्मच या अडचणीतून झाला. १९२५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू या तरुण कर्मचाऱ्याने ती तयार केली. त्या वेळी दुरंगी मोटारींची फॅशन होती, आणि एक रंग झाकून दुसरा मारताना चिकटवलेला कागद काढला की खालचा ताजा रंगही सोलून यायचा. नीट चिकटावी आणि तरी काही न उखडता निघावी, एवढीच त्या टेपकडून अपेक्षा होती. शंभर वर्षांनंतरही टेप निवडताना कसोटी तीच आहे.

आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पिवळट कागदी टेप एक-दोन दिवसांच्या कामाला चालते. मे महिन्याच्या उन्हात खिडकीच्या चौकटीवर ती आठवडाभर राहिली की कागद निघतो आणि गोंद लाकडावरच राहतो. निळी किंवा हिरवी, कमी चिकटीची टेप महाग असते, पण काम लांबणार असेल तर तीच घ्यावी. खोके बंद करायची तपकिरी टेप आणि वायरमनची काळी टेप लाकडाच्या वाटेला जाऊच नये. ताज्या पॉलिशवर कुठलीच टेप लावू नये. वरून कोरडं वाटलं तरी पॉलिश आतून पक्कं व्हायला कित्येक दिवस लागतात. जुनं, पापुद्रे सुटू लागलेलं लाखेचं पॉलिश असेल तर टेप सरळ टाळावी आणि कापड दोरीने बांधावं.

टेप लावण्यातही पद्धत आहे. आधी कोरड्या ब्रशने धूळ झटकायची, कारण धुळीवर टेप धरत नाही. मग हात-दीड हाताचे तुकडे, एकावर एक थोडे चढवत, न ताणता लावायचे. ताणलेली टेप हळूहळू आकसते आणि कड सुटते. लावल्यावर भिंतीकडची कड प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने दाबून बसवायची. रंग टेपखाली शिरतो तो बारीक फटींतून आपसूक ओढला जाऊन, म्हणून पहिला हात जवळजवळ कोरड्या ब्रशने, टेपवरून भिंतीकडे ओढत मारायचा. तो वाळला की फटी बुजतात आणि दुसरा हात निर्धास्त मारता येतो. टेप काढायची ती शेवटचा हात पूर्ण कडक होण्याआधी, स्वतःवरच तिरकी दुमडत, सावकाश. रंग कडक झाला असेल तर आधी कडेवरून हलक्या हाताने कटर फिरवावा, नाहीतर टेपबरोबर भिंतीवरच्या रंगाची झालर निघून येते.

मोठ्या भागांसाठी रद्दी हा आपला जुना आधार. फरशीवर आणि काचांवर ती ठीक आहे. फिकट लाकडावर मात्र ओल्या कागदाची शाई उतरते. प्लास्टिक रंग अडवतं पण खालची हवाही कोंडतं, आणि दमट हवेत त्याखाली घाम धरून पॉलिशवर पांढुरके चट्टे उठतात. जुनी चादर धूळ अडवते, रंगाचा मोठा थेंब मात्र तिच्यातून आरपार जातो. म्हणून लाकडाला लागून सुती कापड आणि त्याच्यावर प्लास्टिक, अशी जोडी सगळ्यांत भरवशाची.

जे स्क्रूने बसवलेलं आहे ते झाकण्यापेक्षा काढावं: मुठी, कड्या, स्विचच्या प्लेटा, पडद्यांचे ब्रॅकेट, सुट्या पट्ट्या. पट्ट्यांच्या पाठीमागे पेन्सिलने क्रमांक घालून ठेवले की परत बसवताना कोडं सोडवावं लागत नाही. कूस आणि साल घालून जोडलेली जुनी चौकट किंवा पॅनेल मात्र रंगासाठी सोडवू नये. ते काम सुताराचं, आणि तेही दुरुस्ती असेल तरच.

टेप की हात

भिंत आणि लाकूड जिथे भेटतात ती रेष टेपशिवाय, नुसत्या ब्रशने काढण्याला रंगारी कटिंग म्हणतात. चांगला कारागीर त्यासाठी नवा ब्रश घेत नाही. थोडा झिजलेला, टोकाशी एकसारखा झालेला दीड-दोन इंची ब्रश त्याने जपून ठेवलेला असतो. ब्रशचे केस तिसऱ्या हिश्शापर्यंतच बुडवायचे आणि डब्याच्या आतल्या बाजूला हलके थोपटायचे. पहिला फराटा लाकडापासून बोटभर अंतरावर. मग तोच रंग ब्रशच्या टोकाने ढकलत रेषेपर्यंत न्यायचा आणि न थांबता, श्वास रोखून एका दमात खाली आणायचा. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाला कृत्रिम केसांचा ब्रश बरा. डुकराच्या केसांचा ब्रश पाणी पिऊन लुळा पडतो आणि रेष नागमोडी होते. तो ऑइल पेंटसाठी राखावा.

टेपवाले आणि हातवाले यांचा वाद चौकटीकडे नीट पाहिलं की सुटतो. नव्या फ्लॅटमध्ये चौकट सरळ आणि गिलावाही सरळ असतो. तिथे टेप वेळ वाचवते आणि नवख्याच्या हातूनही नीट काम करून घेते. जुन्या घरात चुन्याचा गिलावा चौकटीवर कुठे चढलेला असतो, कुठे मागे सरलेला. तिथे सरळ लावलेल्या टेपने भिंतीचा वाकडेपणा उलट उठून दिसतो. हात मात्र डोळ्याला सरळ वाटेल अशी तडजोड करत जातो. अशा ठिकाणी कटिंगच, सोबत एखादी पातळ आड. जुनी एक्स-रे फिल्म यासाठी छान. लाकूड आणि गिलाव्याच्या सांध्यात ती अलगद सरकवायची, वर ब्रश फिरवायचा, आणि प्रत्येक वेळी सरकवण्याआधी कड पुसायची. न पुसलेली आड शिंतोड्याहून वाईट, कारण ती रंग थेट लाकडाच्या पाठीला लावते. गणेशपट्टी किंवा कोरलेल्या महिरपीवर टेप बसत नाही आणि आडही चालत नाही. ती सुती कापडाने पूर्ण बांधून ठेवावी.

रोलरने भिंत भरभर होते, पण वेगाने फिरवला की त्यातून रंगाचे बारीक तुषार उडतात आणि ते हात-दोन हातांवरच्या पॅनेलवर दुसऱ्या दिवशी खरखरीत लागतात. स्प्रे तर त्याहून पुढचा. ज्या खोलीत लाकूड भरपूर आहे तिथे स्प्रेने वाचणारा वेळ झाकाझाकीतच जातो.

खरवड आणि धूळ

रंग लावण्याच्या आधीचं काम लाकडाला जास्त त्रास देतं. पत्र्याने जुना रंग खरवडताना चौकटीच्या कडेवर ओरखडे पडतात. पुट्टी घासताना उठणारी पिठासारखी धूळ कोरीव कामाच्या खाचांत जाऊन बसते. ती अल्कली असते, आणि नंतर कुणी ओल्या फडक्याने पुसायला गेलं की तिथेच तिची पेस्ट होऊन सुकते. म्हणून झाकायचं ते घासण्याआधी, रंगाचा डबा उघडण्याची वाट न पाहता. धूळ काढायची तर मऊ कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने.

जुन्या दारांवरच्या ऑइल पेंटबाबत आणखी एक सावधगिरी. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर आणणारे नियम भारतात २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाले. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, हे गृहीत धरावं. असा रंग कोरडा घासू नये, ब्लो लॅम्पने जाळू नये. पाण्याचा काचपेपर वापरावा, मास्क लावावा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या काळात घरात थांबू देऊ नये. खाली पडलेली धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी. थर घट्ट असेल तर न काढता त्यावरच हलकासा घासून नवा हात देणं हे बरेचदा शहाणपणाचं असतं.

वाड्यात भिंत खरवडण्याआधी हात आवरावा, याला दुसरंही कारण आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भित्तिचित्रं आहेत. मराठेशाहीच्या शेवटच्या काळातल्या इतर वाड्यांतही भिंती रंगवण्याची हौस होती, आणि सफेदीच्या थरांखाली काय असेल ते वरून सांगता येत नाही. अशा घरात चौकटीच्या वर आणि कोनाड्यांभोवती तळहाताएवढी जागा थराथराने, हलकेच उघडून पाहावी. रंगाची रेघ दिसली तर काम थांबवून जाणकाराला बोलवावं.

क्रम आणि सांधा

लाकूड आधी की भिंत आधी, यावरही दोन पंथ आहेत. पश्चिमेकडे पट्ट्या आणि चौकटी रंगवलेल्याच असतात, त्यामुळे काही जण त्या आधी रंगवून, टेप लावून मग भिंतीकडे वळतात. आपल्याकडे लाकूड बहुधा पॉलिशचं, म्हणून सोयीचा क्रम वेगळा आहे: खरवड, लांबी भरणं, प्रायमर आणि भिंतीचा पहिला हात, मग सुतारकाम आणि पॉलिश, आणि पॉलिश पक्कं झाल्यावर भिंतीचा शेवटचा हात. पॉलिश नव्याने करायचंच नसेल तर लाकूड पहिल्या दिवशी झाकावं, शेवटच्या दिवशी उघडावं आणि मेणाचा हलका हात द्यावा. कडीपाटाचं छत असेल तर सुरुवात तिथून. वरच्या फळ्यांतून पडणारी वर्षानुवर्षांची माती नव्या भिंतीवर ओघळू नये, यासाठी छत आधी झाडून, पुसून घ्यावं.

चौकटीच्या कडेने गिलाव्यात पडणारी केसासारखी भेग दर वर्षी पुट्टीने भरली जाते आणि दर वर्षी परत येते. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पुट्टी ताठ असते, ती त्या हालचालीबरोबर जात नाही. नव्या बांधकामात तिथे रंग धरणारं ॲक्रिलिक सीलंट भरावं. साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही, म्हणून ते नको. सीलंट भरल्यावर ओल्या बोटाने एकदाच ओढून घ्यावं आणि लाकडावर आलेला भाग तेव्हाच पुसावा. चुन्याच्या जुन्या भिंतीत मात्र ही भेग थोडी राहिली तरी बिघडत नाही.

डाग पडलाच तर

कितीही झाकलं तरी थेंब पडतोच. प्लास्टिक पेंटचा ओला थेंब ओलसर फडक्याने लगेच निघतो. वाळला असेल तर कोमट साबणाच्या पाण्याचं फडकं त्यावर थोडा वेळ ठेवून, मऊ झाल्यावर नखाने किंवा प्लास्टिकच्या कडेने उचलावा. बरेच रंगारी इथे स्पिरिट वापरतात. पीयूवर ते चालून जातं, लाखेवर थेंबाबरोबर पॉलिशही निघून येतं. ऑइल पेंटला टर्पेंटाइन. थिनर शेवटचा उपाय, आणि लॅकरवर कधीच नाही. लोखंडी घासणीचे कण लाकडात राहिले की ओलीत टॅनिनशी मिळून काळे ठिपके पडतात, म्हणून ती टाळावी.

वाळलेल्या चुन्याला व्हिनेगर विरघळवतं, हे खरं. पण गोव्यातल्या जुन्या घरांत खिडक्यांना काचेऐवजी पातळ शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या असतात. शिंपला आणि वाळलेला चुना दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेटच. जे आम्ल डाग काढेल तेच शिंपलाही खाईल. तिथे कोरड्या लाकडी काडीने सावकाश खरवडण्याखेरीज मार्ग नाही.

भिंतीच्या आतली ओल

शेवटचा धोका डब्यातच बंद असतो. दगड, माती, भाजकी वीट आणि चुन्याने बांधलेली जुनी भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि नंतर पृष्ठभागातून सोडून देते. चुन्याची सफेदी तिला अडवत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ती दगडासारखी घट्ट होते, पण बारीक रंध्रं शिल्लक ठेवते. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर धुता येणारा प्लास्टिक पेंट चढवला की ओलीची वाट बंद होते. मग ती जिथे वाट मिळेल तिथे जाते: भिंतीत रुतलेल्या तुळईच्या टोकाकडे, चौकटीच्या पायाकडे, उंबऱ्याकडे, भिंतीला लावलेल्या फळ्यांच्या पाठीकडे. वरून भिंत तुकतुकीत दिसते आणि आत लाकूड कुजत राहतं. वाळवीला ओलसर, अंधारी, हवा न लागणारी जागाच हवी असते.

खुणा लपून राहत नाहीत. गुडघ्याइतक्या उंचीवर रंगाला फोड येतात, चौकटीचा खालचा वीतभर भाग गडद होतो, पॅनेलवर बोटाने वाजवलं तर पोकळ आवाज येतो. अशा भिंतीवर रंग लावणं पुढे ढकलावं. आधी पन्हळ, गळकं छप्पर, अंगणातल्या पाण्याचा उतार यांचा बंदोबस्त करावा आणि भिंत एक उन्हाळाभर सुकू द्यावी. मग चुना, किंवा वाफ आरपार जाऊ देणारा खनिज रंग.

चुन्याबद्दलच्या तक्रारी खोट्या नाहीत. तो अंगाला लागतो, मुलांच्या हातांचे डाग पुसता येत नाहीत, गडद छटा मिळत नाहीत, दोन-तीन वर्षांत पुन्हा हात द्यावा लागतो. शिवाय इथे एक पेच आहे. भिंतीच्या आतून लाकडाला जपणारा चुना बाहेरून शिंतोडा होऊन पडला तर त्याच लाकडाचं सर्वांत जास्त वाटोळं करतो. म्हणून चुन्याचं काम असेल तिथे झाकाझाक दुप्पट हवी, आणि प्लास्टिक पेंट वापरायचा तर तो आरसीसीच्या कोरड्या भिंतींसाठी राखावा. एकाच घरात जुन्या सोप्याला चुना आणि मागे वाढवलेल्या खोल्यांना प्लास्टिक पेंट लावला तर त्यात विसंगत काही नाही.

हिशेब कशाचा

हे सगळं कळूनही घडत का नाही, याचं उत्तर दरपत्रकात सापडतं. रंगाऱ्याला पैसे भिंतीच्या चौरस फुटाने मिळतात. झाकायला गेलेला वेळ त्याला मिळत नाही, उलट रोज बुडतो. मग तो टेप कमी लावतो, रद्दी पसरतो आणि शेवटी स्पिरिटचं फडकं फिरवतो. यात त्याचा दोष थोडा आणि व्यवहाराचा जास्त. चौकटी, पट्ट्या आणि पॅनेलं झाकण्याचा दर रनिंग फुटाने वेगळा ठरवावा. टेप कुठली, कापड कुणी आणायचं, आधी घासणार की आधी झाकणार, डाग पडल्यास कशाने काढणार, हे कागदावर घ्यावं. पहिल्या दिवशी एकच दार आणि त्याभोवतालची भिंत पूर्ण करून घ्यावी आणि बाकीचं काम त्या नमुन्याबरहुकूम ठरवावं.

बजेट अपुरं असेल तर रंगाची एक प्रत खाली उतरावं आणि वाचलेले पैसे या कामाला द्यावेत. साध्या आणि उंची रंगातला फरक दोन पावसाळ्यांनंतर पाहुण्याला ओळखू येत नाही, चौकटीवरून गेलेला चुन्याचा ओघळ मात्र पुढच्या मालकालाही दिसतो.